डेस्कटॉप प्रोग्रॅम अडला तर कुठून शोधायला लागायचं? नव्याने शिकणाऱ्यांसाठी

देवगडजवळ माझ्या मामाची आंब्याची बाग आणि छोटं पॅकिंग शेड आहे. कुठल्या बागेतून किती पेट्या भरल्या, कुठल्या दलालाकडे गेल्या, वाशीहून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आली तेव्हा हमाली, भाडं आणि दलाली वजा जाऊन हातात किती पडले, हे सगळं तो वहीत लिहायचा. त्यासाठी मी पायथन शिकून एक प्रोग्रॅम लिहिला. माझ्या लॅपटॉपवर तो महिनाभर बिनतक्रार चालला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, काढणी ऐन भरात असताना, तो मामाच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, "रे, तुजां तां चलना नाय." काय लिहून येतंय असं विचारलं तर म्हणाला, "काळां कायतरी इलां नि गेलां."

तेवढ्या माहितीवर मी अंदाजाने कोड बदलत राहिलो आणि त्यात आठ दिवस गेले. मामाने पुन्हा वही काढली. तुमचे आठ दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय. उदाहरणं पायथन, टीकेइंटर (खिडक्या आणि बटणं करणारी लायब्ररी) आणि एसक्यूलाइट (एकाच फाईलमध्ये मावणारा डेटाबेस) यांची आहेत, कारण विंडोजवर पायथन टाकलं की बाकीची दोन्ही बहुधा सोबत येतात आणि नवखा माणूस तिथूनच सुरुवात करतो. सी शार्प किंवा जावा वापरत असाल तरी बिघाडांची जात हीच असते.

आधी हे जमवून ठेवा

- दोन्ही कॉम्प्युटरची माहिती कागदावर: विंडोज कुठलं, ३२ बिट की ६४ बिट, पायथनची आवृत्ती कुठली.
- नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड. फाईलचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, कुठलं आहे ते यात खाली दिसतं.
- डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट. फुकट आहे, डेटाबेस उघडून आतली नोंद बघता येते.
- गिट, कोडच्या जुन्या-नव्या प्रती सांभाळणारं साधन. निदान रोजच्या कोडची तारखेसह एक प्रत तरी ठेवाच.
- स्वतःच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं दुसरं खातं, ॲडमिनचे अधिकार नसलेलं. याचा उपयोग शेवटी कळेल.
- एक वही. काय बदललं आणि त्याने काय झालं हे लिहायला.

१. एरर जशीच्या तशी हातात घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो, म्हणून ही पायरी सोडू नका. "बंद पडलं" ही एरर नाही. समोरच्याला स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगा आणि चार गोष्टी विचारा: शेवटचं बटण कुठलं दाबलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि काल चालत होतं का. चालत होतं असं उत्तर आलं, तर कालपासून आजपर्यंत काय बदललं तेही विचारा.

काळी खिडकी येऊन लगेच जाते तेव्हा एरर त्या खिडकीतच लिहून आलेली असते, फक्त वाचायला वेळ मिळत नाही. डबल क्लिक न करता कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तिथून प्रोग्रॅम चालवा. म्हणजे मजकूर स्क्रीनवर राहतो.

तो मजकूर खालून वर वाचायचा. अगदी शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि कारण असतं. तिच्या वर फायलींची नावं आणि ओळ क्रमांक असतात. त्यात लायब्ररीच्या फायलीही येतात आणि त्या बघून नवखा माणूस घाबरतो. त्या सोडून द्या. खालून वर जाताना तुमची स्वतःची फाईल जिथे पहिल्यांदा दिसेल, त्या ओळीपासून सुरुवात करा.

टीकेइंटरमध्ये आणखी एक सापळा आहे. बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये चूक झाली तर प्रोग्रॅम बंद पडत नाही. एरर काळ्या खिडकीत छापली जाते आणि काम पुढे चालू राहतं. काळी खिडकी लपवलेली असेल तर ती कोणालाच दिसत नाही, आणि वापरणारा म्हणतो की बटण मेलंय. म्हणून पहिल्या दिवसापासून पायथनचं लॉगिंग मॉड्यूल वापरून एरर फाईलमध्ये लिहा. मुख्य खिडकीचं "रिपोर्ट कॉलबॅक एक्सेप्शन" नावाचं फंक्शन तुमच्या फंक्शनने बदलून टाका. त्यात एरर लॉगमध्ये लिहायची आणि "काहीतरी चुकलं, या फाईलचा फोटो पाठवा" असा मराठी निरोप दाखवायचा. मी हे केल्यापासून मामा फोनवर फाईलचं नाव सांगतो.

२. बिघाड आपल्याकडे घडवून बघा

जो बिघाड तुम्हाला मुद्दाम घडवता येत नाही, तो दुरुस्त झाला की नाही हेही कळणार नाही. त्याच नोंदी, तोच क्रम, तीच फाईल घ्या. घडला की कोडचा निम्मा भाग बाजूला काढून बघा अजून घडतो का. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा. एकदम तीन बदल केले आणि प्रोग्रॅम सुरू झाला, तर कशाने सुरू झाला ते कळत नाही. तोच बिघाड पुढच्या हंगामात परत दारात उभा राहतो.

३. बटणं आणि चित्रं यांच्या चार ठरलेल्या चुका

*बटण न दाबताच काम होतं.* बटणाला फंक्शन देताना नावापुढे कंस टाकलेले असतात. कंस टाकले की फंक्शन तिथल्या तिथे चालतं. फक्त नाव द्यायचं.

*लूपमध्ये केलेली सगळी बटणं शेवटच्याचंच काम करतात.* बागेगणिक एक बटण केलं आणि कुठलंही दाबलं तरी शेवटचीच बाग उघडते. लॅम्डा (बटणाला दिलेलं बिननावी छोटं फंक्शन) बाग आत्ता बघत नाही, बटण दाबल्यावर बघते. तोवर लूप शेवटच्या बागेवर जाऊन थांबलेला असतो. लॅम्डाच्या कंसात त्या वेळची बाग डीफॉल्ट किंमत म्हणून बांधून ठेवा.

*चित्राच्या जागी रिकामा चौकोन.* फंक्शनच्या आत चित्र उघडलं, फंक्शन संपलं आणि पायथनने चित्र कचरा समजून टाकून दिलं. चित्र खिडकीच्या किंवा लेबलच्या एखाद्या गुणधर्मात धरून ठेवा.

*पॅक आणि ग्रिडचं भांडण.* खिडकीत बटणं, लेबलं मांडायच्या या दोन पद्धती. एकाच फ्रेममध्ये दोन्ही वापरता येत नाहीत. वेगवेगळ्या फ्रेममध्ये चालतात.

४. खिडकी पांढरी पडते, "नॉट रिस्पॉन्डिंग" येतं

एखाद्या शेडमध्ये एकच माणूस आहे असं धरा. पेट्या तोच भरतो आणि दारावर आलेल्याला ओ देणाराही तोच. तो पेटी भरण्यात गुंतला की दारावरची हाक ऐकायला कोणी नाही. डेस्कटॉप प्रोग्रॅमचा मुख्य थ्रेड, म्हणजे एकामागून एक कामं करणारा धागा, असाच असतो. क्लिक ऐकणं, खिडकी रंगवणं आणि तुमचं फंक्शन चालवणं ही सगळी कामं तो एकटा करतो. तुमचं फंक्शन लांबलं की बाकी सगळं थांबतं. विंडोज साधारण ५ सेकंद वाट बघतं आणि मग "नॉट रिस्पॉन्डिंग" लिहितं.

आधी काम खरंच लांब आहे का ते तपासा. आमच्याकडे हंगामाच्या सगळ्या नोंदी वहीवरून एकदम भरताना खिडकी गोठायची. कारण असं निघालं की मी प्रत्येक नोंदीनंतर कमिट करत होतो. कमिट म्हणजे डिस्कवर पक्कं लिहून होईपर्यंत थांबणं, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला काही डझनच कमिट होतात. सगळ्या नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, घेऊन शेवटी एकदाच कमिट केलं आणि काम क्षणात झालं. थ्रेडची गरजच पडली नाही.

काम खरंच लांब असेल तर ते दुसऱ्या थ्रेडमध्ये टाका. मात्र त्या थ्रेडमधून लेबल, यादी, बटण यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. कधी चालतं, कधी कारण न सांगता कोसळतं, आणि तो बिघाड शोधणं फार जिकिरीचं असतं. दुसऱ्या थ्रेडने निकाल क्यू मध्ये (रांगेत) टाकायचा आणि मुख्य थ्रेडने टीकेइंटरचं "आफ्टर" वापरून थोड्या थोड्या वेळाने क्यू बघायचा. नुसतं थांबायचं असेल तरी "स्लीप" वापरू नका, तिथेही "आफ्टर" च.

आणि बटण दाबलं की पहिल्या ओळीत ते बंद करा, काम झाल्यावर चालू करा. खिडकी हलली नाही की माणूस पुन्हा दाबतो. आमच्याकडे एकाच दिवशी ४० पेट्यांच्या ८० झाल्या होत्या आणि पट्टीशी ताळमेळ बसेना.

५. "फाईल सापडत नाही" आणि "परवानगी नाही"

कोडमध्ये नुसतं फाईलचं नाव दिलं तर पायथन ती चालू फोल्डरमध्ये शोधतं. चालू फोल्डर म्हणजे प्रोग्रॅमचं फोल्डर असेलच असं नाही. एडिटरमधून चालवलं तर एक, शॉर्टकटवरून चालवलं तर दुसरं. सोबतची चित्रं प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जागेपासून पूर्ण पाथ काढून उघडा.

डेटाबेस आणि लॉग मात्र प्रोग्रॅमशेजारी ठेवू नका. प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरमध्ये साध्या खात्याला लिहायची परवानगी नसते. वापरणाऱ्याच्या ॲप डेटा फोल्डरमध्ये स्वतःचं फोल्डर करून तिथे लिहा. "ॲडमिन म्हणून चालवा" हा सल्ला पुष्कळ जण देतात. तो घेऊ नका. त्याने दुखणं झाकलं जातं आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला प्रोग्रॅम चालवताच येत नाही.

६. मराठी अक्षरांचा गोंधळ

इथे थोडं थांबून वाचा, कारण इंग्रजीत शिकवणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही आणि म्हणून कोणी सांगतही नाही. आधी स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते बघा. प्रत्येक लक्षणाचं कारण वेगळं आहे.

*डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं.* मजकूर यूटीएफ-८ (मराठीही सामावणारं एन्कोडिंग) मध्ये शाबूत आहे, फक्त वाचणारा दुसऱ्या एन्कोडिंगने वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइटचं असतं, म्हणून एकाच्या जागी तीन विचित्र चिन्हं दिसतात. फाईल वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. न लिहिल्यास विंडोजवर पायथन बहुधा १२५२ क्रमांकाचं जुनं कोडपेज धरतं, आणि त्यात देवनागरी नाहीच. एक्सेलसाठी सीएसव्ही करत असाल तर "यूटीएफ-८-सिग" वापरा. फायलीच्या सुरुवातीला खूण पडते आणि एक्सेल मराठी बरोबर उघडतं.

*प्रश्नचिन्हांची रांग.* ही वाईट खूण आहे. लिहितानाच अक्षरं गेली, आता परत मिळत नाहीत. मूळ नोंद कुठे आहे ते शोधा.

*रिकामे चौकोन.* मजकूर ठीक आहे, फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय द्या. निर्मला विंडोज ८ पासून आहे.

*निरर्थक इंग्रजी अक्षरं, पण फॉन्ट बदलला की मराठी दिसतं.* ही फाईल जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरंच असतात, त्यांना फक्त मराठी रूप दिलेलं असतं. एन्कोडिंग कितीही बदललं तरी उपयोग नाही. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक पद्धत) करून घ्या आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

*दिसायला सगळं बरोबर, पण शोधल्यावर सापडत नाही.* यात माझे दोन दिवस गेले. दलालाला दिलेल्या रकमांत "ॲडव्हान्स" शोधलं की निम्म्याच नोंदी यायच्या. ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन तेच लिहितात. कागदावर दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला ती वेगळी. "दुसऱ्या" मधल्या ऱ चंही तसंच: कोणी ऱ हे अक्षर टाईप करतं, कोणी र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पायथनचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी सोय) चालवलं तरी या दोन्ही जोड्या एक होत नाहीत. म्हणून नोंद डेटाबेसमध्ये जाण्याआधी आणि शोधशब्द वापरण्याआधी एकाच छोट्या फंक्शनमधून काढा. त्याने आधी नॉर्मलायझेशन करायचं, मग या जोड्या एका ठरलेल्या रूपात आणायच्या आणि कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या. संशय आला तर दोन्ही शब्दांची लांबी छापून बघा. सारख्या दिसणाऱ्या शब्दांची लांबी वेगळी निघाली की कारण इथेच आहे.

जिथे जमेल तिथे टाईप करायलाच लावू नका. बागेचं, गावाचं, दलालाचं नाव यादीतून निवडू द्या. वेंगुर्ला आणि वेंगुर्ले, दोन्ही लिहिणारी माणसं एकाच घरात असतात.

*पीडीएफमध्ये वेलांटी भलतीकडे.* काही पीडीएफ लायब्रऱ्या अक्षरं नुसती ओळीने मांडतात, देवनागरीची जुळणी करत नाहीत. पट्टीची प्रत छापायला मी आता एचटीएमएल फाईल करतो आणि ब्राउझरमधून छापतो. ब्राउझर जुळणी बरोबर करतो.

७. पैसे, आकडे, तारखा

पैसे दशांशात साठवू नका. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलंत तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. असल्या कणाकणाने हंगामाच्या शेवटी बेरीज जुळत नाही. रक्कम पूर्णांकात, म्हणजे रुपयांऐवजी पैशांत साठवा आणि दाखवताना रुपये करा.

एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकार नाही. दिवस आधी लिहून मजकूर म्हणून साठवलीत तर १ एप्रिल १५ मार्चच्या आधी लागेल. साठवताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, दाखवताना आपल्या पद्धतीने.

कीबोर्ड मराठी असला की माणूस १२ मराठीत टाईप करतो. पायथन त्याचा आकडा बरोबर करतं, पण तोच मजकूर म्हणून साठवला तर मराठी बारा आणि इंग्रजी बारा वेगळे पडतात. आधी आकडा करा, मग साठवा.

८. "डेटाबेस इज लॉक्ड", आणि वीज गेली तर

लॉक्ड आलं की आधी स्वतःकडे बघा. बहुतेक वेळा डीबी ब्राउझरमध्ये तीच फाईल उघडी असते आणि तिथला बदल सेव्ह केलेला नसतो. नाहीतर तुमच्याच कोडमध्ये कुठेतरी लिहून कमिट राहिलेलं असतं. पायथन कुलूप निघण्याची ५ सेकंद वाट बघतं, मग एरर देतं. दोन कॉम्प्युटरवरून वापरता यावं म्हणून एसक्यूलाइटची फाईल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथे कुलुपावर भरवसा ठेवता येत नाही आणि फाईल खराब होऊ शकते.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे वीज हमखास जाते. एका पट्टीच्या सगळ्या नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये असतील तर मध्येच वीज गेली तरी अर्धी पट्टी राहत नाही: एकतर पूर्ण लिहिली जाते, नाहीतर अजिबात नाही. वीज आल्यावर डेटाबेसशेजारी, नावाच्या शेवटी "जर्नल" किंवा "वॉल" असलेली फाईल दिसली तर पुसू नका. पुढच्या वेळी उघडताना एसक्यूलाइट तिच्यावरूनच सावरतं. प्रोग्रॅम चालू असताना नुसती डेटाबेसची फाईल पेन ड्राइव्हवर कॉपी करू नका. एसक्यूलाइटची बॅकअपची सोय पायथनमध्ये आहे, ती एका बटणाला जोडा.

बॅकअप त्याच खोलीत ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्यात गेली तेव्हा कॉम्प्युटरच्या खणात ठेवलेल्या पेन ड्राइव्हचा काय उपयोग होता? एक प्रत दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरी पाहिजे.

९. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नेताना

मामाकडचा पहिला बिघाड खरं तर इथला होता. त्याचं विंडोज ७, माझं पायथन नवं. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८ आहे, ३.९ पासून चालत नाही. पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रॅमची थेट चालणारी फाईल करणारं साधन) बनवलेली फाईलही त्याच पायथनवर उभी असते, त्यामुळे तिलाही हाच नियम लागतो. ६४ बिटवर बनवलेली फाईल ३२ बिट विंडोजवर उघडत नाही. विंडोजसाठीची फाईल विंडोजवरच बनवावी लागते.

एकच फाईल बनवायचा पर्याय सोयीचा वाटतो, पण ती दर वेळी उघडताना सगळं तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडते आणि बंद करताना ते फोल्डर पुसते. म्हणून उघडायला वेळ लागतो. त्याहून मोठा धोका असा, की प्रोग्रॅमच्या जागेवरून पाथ काढून डेटाबेस तिथेच केलात तर दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी प्रोग्रॅमबरोबर जातील. पाचव्या पायरीत डेटाबेस ॲप डेटामध्ये ठेवायला सांगितलं ते यासाठीही. फोल्डरचा पर्याय घ्या. अँटिव्हायरसची खोटी ओरडही त्याने कमी होते. काहीही झालं तरी समोरच्याला अँटिव्हायरस बंद करायला सांगू नका.

चित्रं आपोआप सोबत जात नाहीत, बनवताना सांगावी लागतात. आणि देण्याआधी तुमच्या त्या दुसऱ्या, अधिकार नसलेल्या खात्यात शिरून प्रोग्रॅम एकदा चालवा. नाव मराठीत टाका, नोंद करा, बंद करा, पुन्हा उघडा, नोंद आहे का बघा. दहा मिनिटं लागतात.

१०. मदत मागताना

पूर्ण प्रोग्रॅम पाठवू नका. बिघाड दाखवणाऱ्या वीस-पंचवीस ओळी, एररचा पूर्ण मजकूर, विंडोज आणि पायथनची आवृत्ती, आणि तुम्ही काय काय करून पाहिलं ते पाठवा. मजकूर टाईप केलेलाच द्या, म्हणजे समोरच्याला तो चालवून बघता येतो. डेटाबेस पाठवायची वेळ आली तर त्याची प्रत काढा आणि तीतली बागायतदारांची नावं, फोन नंबर आणि रकमा बदलून मगच पाठवा.